पुलापलीकडचा पाय

एल्डन प्रुइटचा डावा पाय मला पाठ आहे.
अंगठा नाही. करंगळीच्या बुडाशी सदऱ्याच्या बटणाएवढी जखम,
थंडीत उघडते, एप्रिलमध्ये मिटल्यासारखं करते.
अकरा वर्षं पट्टी मीच बदलली,
दर बुधवारी; बाकीचे दिवस माशांचे.

मार्चमध्ये मुलीने त्याला पलीकडे नेलं, ओहायोत.
क्लिनिकच्या खिडकीतून तिचं घर दिसतं:
हिरवं छप्पर, ओसरी, खुर्ची,
खुर्चीपुढे स्टूल, स्टुलावर तो पाय.
गाडीने चार मिनिटं.
मी फिजिशियन असिस्टंट, वेस्ट व्हर्जिनियाची.
जखम शिवता येते मला, शीव ओलांडता येत नाही.

करार झालाय म्हणतात राज्याराज्यांत,
इथल्या परवान्यावर तिथल्या रुग्णालाही हात लावता येईल.
झालाय. होतोय. आयोग बसलाय,
फॉर्म अजून उठलेला नाही.
मी बोटांचे ठसे देऊन ठेवलेत, दोनदा;
पहिल्यांदा उमटलेच नाहीत नीट.
हात धुऊन धुऊन रेषा झिजल्यात तुझ्या,
खिडकीमागची बाई म्हणाली.

फोनवर एल्डन:
"इथली पोरगी गुणाची आहे गं,
पण पहिल्यापासून विचारते. कधी झालं, कसं झालं.
मला काय आठवतंय? म्हटलं, वेर्नाला विचार."
मग जरा थांबून,
"नदी कुणाची?"

नदी आमची. जवळजवळ सगळी.
जुन्या नकाशात हद्द पार त्यांच्या काठाला टेकलेली,
त्यांच्या वाट्याला उतार आणि चिखल.

बुधवारी तो होडीत बसून होता,
काठापासून दोरभर आत, नांगर टाकून,
पाय गळांच्या डब्यावर, मोजा खिशात.
मी आमच्या धक्क्यावरून गेले,
नवऱ्याच्या, मासळीचा वास मारणाऱ्या बोटीने.
मुलगी काठावर हाताची घडी घालून उभी, हसू दाबत.

जखम दोन मिलिमीटरने कमी.
कागदावर नाव: एल्डन प्रुइट.
ठिकाण: नाव.
हे चालेल का, कुणाला विचारायचं तेही ठाऊक नाही.

वारा सुटला. नांगर घसरला,
होडी ओहायोकडे सरकू लागली.
त्याने वल्हं तळाच्या चिखलात रोवलं,
दोन्ही हातांनी रेटून धरलं.
"तू बांध," म्हणाला, "घाई नको."