अकरा पाचे

भेरूलाल सांगतो, गाडी पंचावन्नला अडते.
काटा ऐंशीवर टेकतो आणि मग
पाय फळीपर्यंत दाबला तरी काही नाही.
सपाट रस्त्यावर दूधवाल्यांच्या मोटरसायकली
कॅन वाजवत पुढं निघून जातात.
'इंजिन झूठ बोलता है, मुळ्ये मॅडम.'

देवास नाक्यामागची गल्ली, ऑइल पिऊन काळी झालेली माती.
पायरीवर बसून मी लॅपटॉप उघडते,
केबलचं तोंड डॅशबोर्डाखाली
बोटांनीच चाचपून बसवते.

सहा गिअरची जुनी पेटी मानपूरच्या घाटात फुटली.
इस्हाक उस्तादांनी लोहामंडीतून नऊची आणली,
तीन रात्री जमिनीला पाठ लावून चढवली.
शाफ्ट, क्लच, लिव्हर, सगळं जुळलं.
इंजिनच्या डोक्याला तेवढं कुणी कळवलं नाही.
ते अजून फुटलेल्या पेटीचा संसार करतंय:
वरचा गिअर एकास एक,
मागच्या चकतीला दात अकरा.

'उस्ताद, नव्या चकतीला दात किती?'
'जितने होंगे,' गाडीखालून.
'मोजा.'
कव्हर पुन्हा खोलायचं म्हणून बराच वेळ शांतता,
मग पाना घसरतो, मग एक शिवी,
बहुतेक मला नाही.
पहिल्या दातावर खडूची खूण.
ते मोठ्यानं हिंदीत, मी वर मनात मराठीत.
नवाला चहा येतो. पुन्हा पहिल्यापासून.

सोळा.

सोळा पाचे ऐंशी, अकरा पाचे पंचावन्न.
बाबा सायकलच्या दांडीवर बसवून
म्हणून घ्यायचे ते पाढे.
तेव्हा कुठं वाटलं होतं
ट्रकखाली कामाला येतील.

म्हणजे झूठ नाही, भेरूलाल.
ते बरोबर मोजत होतं,
दात बदलले हे त्याच्या गावीच नव्हतं.

बदलायला गेले तर पासवर्ड मागतं.
मालक फोन उचलत नाही, आधीचा रतलामला,
त्याच्या आधीचा कोण, कुणालाच ठाऊक नाही.
चार शून्यं टाकून बघते.
उघडतं.

अकराच्या जागी सोळा.
एकच्या जागी पॉइंट त्र्याहत्तर.
ऐंशीची मर्यादा आहे तशीच.
'नव्वद कर दो ना. बस नव्वद.'
मी कीबोर्डवर सांडलेलं जिरावण फुंकते
आणि ऐकू आलं नाही असं करते.
चावी बंद. दहा आकडे. पुन्हा चालू.

मांगलियाकडे, रिकामी गाडी, मी शेजारच्या सीटवर.
माझ्या फोनवर साठ, काट्यावर साठ.
सत्तर. सत्तर.
'देखा!' भेरूलाल खुश,
आणि त्याच खुशीत त्याचा डावा हात
सवयीनं जुन्या सहाव्याकडे जातो.
लिव्हरवरचं नवं बटण अंगठ्याला आठवत नाही.
पेटी करकर दात खाते.
तो हात मागे घेतो, पँटला पुसतो,
पुन्हा तिथंच नेतो.
'अठरा साल,' म्हणतो, रस्त्यावरची नजर न हलवता.

मी झाकण मिटते, मांडीवर लॅपटॉप ऊबदार.
पहिल्या दातावरचा खडू पुसायचा राहिला.
विचारलं तर उस्ताद म्हणाले होते,
तेलात जाईल, देवासच्या आत.