मधली अकरा मिनिटं

पुन्ता अरेनासला वारा सुटला की
माणसं चौकात दोर धरून चालतात.
शनिवारी त्यानं विजेची तार तोडली,
नेमका काजवा पुलावरून घसरला तेव्हा.

सोमवारी शाळेची घंटा व्हायच्या आत वाद.
डानित्सा म्हणे, गारगोटीनं झेललं असणार,
ती रुसलेली असली तरी हात पुढे करतेच.
एलियासर म्हणे, छे, पाचही जण जुळून
एकच महाकाय होतात!
त्यानं आम्हाला एकमेकांच्या खांद्यावर चढवून दाखवलं,
माझं ढोपर फुटलं.
रोसाल्बाच्या मते काजवा मुळात फितूर.
पडू दे.
यावरून दोन दिवस अबोला.

ओनोफ्रेच्या बापाचं खेकड्यांचं शीतगृह,
म्हणजे घरी जनरेटर.
म्हणजे यानं पाहिलंय.
आम्ही घेरलं त्याला: सांग!
तो बुटाची नाडी सोडत राहिला, बांधत राहिला,
मग म्हणाला,
आमचाही बंद पडला होता.

परवा, इतक्या वर्षांनी, तो भाग मिळाला.
काजवा लोंबकळतो,
हाका मारतो चौघांना, नावं घेऊन,
मग गप्प होतो
आणि एकटाच, कोपरं खरडत, वर येतो.

लगेच बिस्किटांची जाहिरात.