उचंत खाते

पहिल्या दिवशी खुर्ची मिळाली नाही,
मिळाला ओला स्पंज आणि दहाच्या नोटांचं बंडल.
‘मोज,’ वाघधरे मॅडम म्हणाल्या,
‘मशीन आहे. तरी तू मोज.’
सत्त्याण्णव. मग एकशे एक. पुन्हा सत्त्याण्णव.
शंभर भरायला अर्धा तास गेला,
आणि शंभरच आहेत हे पटायला
आणखी एकदा मोजावं लागलं.

माझगावची शाखा, तळमजला,
बाहेर गोदीकडे वळणारे ट्रक.
सहा आठवडे, स्टायपेंड नाही, चहा दोनदा.
कॉलेजात तरलतेवर वीस मार्कांचा प्रश्न सोडवलेला मी,
इथे विचारणा व्हायची, पंचिंग मशीन कुठे ठेवलंस?

एवढं कळलं की जमा म्हणजे आपलं नव्हे.
लोकांनी ठेवलेला रुपया हे आपलं देणं,
ताळेबंदात तो डाव्या हाताला बसतो.
नोट मासळीच्या पाटीतून येवो की अत्तराच्या दुकानातून,
खिडकीच्या आत आली की तिचा वास काढायचा नाही.
पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, बाईचा उजवा.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं,
साहेब म्हणाले, ‘सर्क्युलर असेल.’
आणि शाई पुसायचं फडकं आधीच हातात ठेवायचं,
म्हणजे माणसाला बोट लपवत घरी जावं लागत नाही.

नोव्हेंबरात पेन्शनवाले.
हयातीच्या दाखल्यांचा गठ्ठा माझ्याकडे.
म्हातारपाखाडीच्या सेलेस्टिन डिमेलो,
गोदीत क्रेन चालवणाऱ्या नवऱ्यामागची पेन्शन.
‘जिवंत आहे, लिही. शंका असली तर चिमटा काढ.’
मी हसलो, आणि सही ताडून पाहिली.
अठ्ठ्याऐंशी सालच्या कार्डावर
रिबिनीसारखी सुटलेली, शेवटी दोन टिंबं.
समोरच्या कागदावर नुसत्या काड्या.
‘सही जुळत नाही,’ मी म्हणालो.

पंखा फिरत होता, पासबुकाचा प्रिंटर करकरत होता,
फक्त त्यांनी उजवा हात
हळूच टेबलाखाली घेतला.

वाघधरे मॅडम ड्रॉवरला किल्ली लावून उठल्या.
‘डिमेलोबाई, आता नवी ठरवू या.
जुनी फार लांबलचक होती हो,
माझी मीही गेल्या वर्षी तोकडी केली.’
नवं कार्ड, तीन नमुने, तिन्ही वेगळे.
मग अंगठा, उजवा,
फडकं मॅडमच्या हातात.

नंतर मला एवढंच:
‘जुळत नाही हे कागदावर लिहायचं असतं रे.’

त्या दिवशी हिशेब मिटेना.
सत्तावीस रुपये जास्त.
कमी असते तर खिशातून घातले असते,
जास्तीचं काय करतात?
‘उचंतला टाक.’
ज्याचा धनी सापडत नाही, ते तिथे राहतं.
दोन हजार नऊची एक नोंद अजून आहे,
बारा रुपये चाळीस पैसे,
दर मार्चला कुणीतरी पुढे ओढलेली.
ऑडिटर दरवर्षी विचारतो.
मॅडम दरवर्षी म्हणतात, येईल कुणीतरी.

कॉलेजच्या अहवालात
‘आत्मसात केलेली कौशल्ये’, पुढे पाच रेघा.
केवायसी लिहिलं, क्लिअरिंग, ग्राहकसेवा,
नोटा मोजणे. ही खोडली, पुन्हा लिहिली.
पाचवी रेघ तशीच राहिली.

शेवटच्या दिवशी मॅडमनी प्रमाणपत्रावर सही केली.
सवयीने मी ते उजेडाकडे तिरकं धरलं.
रुजू झालो त्या चिठ्ठीवरची सही, आणि ही.
शेवटचं अक्षर
रेघेखाली घसरलं होतं जरासं.
‘काय बघतोस?’
‘काही नाही,’ म्हणालो,
आणि घडी न घालता पिशवीत ठेवलं.