खुंटीपासून खुंटीपर्यंत

मेल्या वाघाची लांबी दोन तऱ्हांनी घेतात.
एक : नाकाशी खुंटी, शेपटाच्या टोकाशी खुंटी,
वाघ बाजूला ओढायचा आणि मधली जमीन मोजायची.
दुसरी : टेप अंगावरून न्यायची, कपाळावरून,
खांद्याच्या चढावरून, पाठीच्या खोलगटातून.
दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक वाघ मोठा होतो.
मेजर एडगर क्लॅटवर्दी : कायम दुसरीच तऱ्हा.

हे मला त्याच्या वहीतून कळलं.
वही डेव्हनहून आली, नातीच्या पत्रासह :
'आजोबांचं चरित्र प्रेमानं लिहा, पण खरं लिहा.'
त्या 'पण'वर मी दोन आठवडे अडून बसले.
मग आगाऊ रक्कम संपत आली, तशी निघाले.

सुहेली नदीच्या अलीकडे, सालांच्या रांगा संपतात तिथं
भुलनपुरवा. थारूंची चाळीस घरं,
भिंतींवर मातीचे हत्ती,
आणि अंगणात गोगलगायी निवडत बसलेली
सुनपतिया राणा.
'क्लॅटवर्दी?' तिनं नाव तोंडात घोळवलं, आणि थुंकली.
'कलावती साहेब म्हण ना!'
अंगण हसलं. मीही.
त्रेसष्ट वाघ मारले त्यानं,
आणि इथं त्याच्या नावाला बांगड्या भरलेल्या.

वहीत रकाने आहेत : तारीख, जागा, जनावर, लांबी, शेरा.
सतरा फेब्रुवारी एकोणीसशे बारा.
वाघीण, नऊ फूट दोन. शेरा : सकाळी धुकं, चहा कोमट.
एक हाकेवाला गेला, रुपये पंधरा.
पुढच्या ओळीत लगेच पाणकोंबड्या.

'हाकेवाला?' सुनपतियाचे हात थांबले.
'तो लौटन. माझा आजेसासरा. माग काढायचा.
वाळूत बोट टेकवून सांगायचा
पाऊल कधीचं, जनावर भुकेलं की धालेलं.
त्या दिवशी म्हणाला होता, गवतात दोन आहेत.
कलावतीला एकच ऐकू आलं.'

ती आत गेली, आणि एक पिशवी घेऊन आली.
पिशवीत साहेबाची टेप. मेणकापडाची,
पितळी टोक उसवून पुन्हा शिवलेलं, सफाईनं.
मी सवयीनं शून्य शोधलं.
टेप पाचावर सुरू होत होती.

ते पाच इंच कुणी कापले?
कुणी म्हणतं साहेबानं, क्लबात फुशारकी मारायला.
कुणी म्हणतं लौटननं; बक्षीस फुटावर असायचं,
आणि लौटनही काही साधू नव्हता.
मी मनातल्या मनात
त्रेसष्ट वाघ एकेक करून आखूड केले.

'त्याला आणलं तेव्हा टेप त्याच्याच कमरेला होती.
घरात दुसरं माप नव्हतं, तिनंच मोजला.
पाच फूट नऊ, असं बजाजाला सांगितलं,
आणि कफन पाच इंच जास्त आलं.
असलं कापड परत घेत नाहीत.
त्याच्या बायकोनं तेवढं फाडलं
आणि पिशवी शिवली.'

पिशवी माझ्याच हातात होती.
वहीत आता कुठला रकाना आखू?

मी काही बोलत नाही असं बघून
सुनपतियाच पुढं बोलत राहिली :
चारही पोरगे याच टेपेनं मोजले,
शाळेतला मास्तर म्हणायचा, कमी भरतात,
मी म्हणायचे, तुझी पट्टी खोटी.

निघताना तिनं मला दाराच्या खांबाशी उभं केलं,
टाचा जुळवायला लावल्या,
डोक्यावर तळहात सपाट दाबला.
पाच फूट सात.
एवढी मी कधीच नव्हते.
हे मला माहीत होतं, तिलाही असणार.
तरी पलियाची बस येईपर्यंत
रस्त्याच्या कडेला, धुळीत,
मी ताठ उभी होते.