आकडे

हे घड्याळ मी घोड्यांसाठी घेतलं होतं,
उलानबातरच्या बाजारात, दोन मेंढ्या विकून.
यात काटे नाहीत. बटण दाबलं की आकडे धावतात,
सेकंदाचेही शंभर तुकडे करतात.
आमच्याकडे घोड्याला नाव नसतं, रंग असतो.
अबलखाचे पंधरा किलोमीटर मी यात मोजले
तेव्हा तुवशिन सात वर्षांचा होता,
वजन एकोणीस किलो.
अबलखाच्या मालकाला तेवढंच हवं होतं,
हलकं काहीतरी, पाठीवर टिकणारं.

तो पडला तेव्हा घड्याळ चालूच राहिलं.
मागचे एकेचाळीस घोडे
त्याच्यावरून गेले, एकानेही पाय दिला नाही.
हे मी अजून लोकांना सांगतो,
जणू त्यात माझी काही करामत होती.
डोकं आधीच दगडावर आपटलं होतं.

हाड सांधलं. केस आले,
टाक्यांची रेघ सोडून.
हिवाळा गेला, लोक म्हणाले, निभावलं.
मीही म्हणालो. चौदा महिने म्हणत राहिलो.
मग एका सकाळी दुलमा दूध उकळत होती,
पळीने उंच उचलून पुन्हा सोडत होती,
आणि तो त्या धारेकडे बघता बघता
बघेनासा झाला.
आधी उजवा अंगठा. मग कोपर.
मग सगळाच,
पहिल्यांदा गळ्यात दोर पडलेलं शिंगरू जसं.

शेजारीण जुनिपरचा धूर घेऊन आली.
मी दातखिळीत चमचा घालायला गेलो.
नर्स छिमगे नंतर माझ्यावर खेकसली:
तोंडात काही घालायचं नाही.
कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही,
आणि मोजायचं.
पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढायची.
गाडी कुणाची, ते ती बोलली नाही.
पण मोजणं, एवढं तरी मला येत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत व्रण आहे,
तिथून ठिणगी उडते.
व्रण कधी जातो, विचारलं.
त्या गोळ्या लिहीत राहिल्या.

आकडी ओसरते. तो डोळे उघडतो,
लाळ पुसून होते न होते तोच विचारतो,
"किती?"
शर्यतीनंतर विचारायचा, अगदी तसंच.
"एक चाळीस."
"आणि मागची?"
"दोन दहा."
"म्हणजे सुधारतोय मी," म्हणतो, आणि झोपतो.
वहीत मी लिहितो: तीन मिनिटं, पाच सेकंद.
वही डॉक्टरीणबाईंची, तिथे खोटं चालत नाही.
त्याला सांगितलेले आकडे कुठेच लिहिलेले नाहीत,
ते पाठ ठेवावे लागतात. पोरगं हिशेबाला पक्कं आहे.

परवा बाटसुख आला, मालकाचा माणूस.
टोपी गुडघ्यावर ठेवून
सारनाइकडे बघत म्हणाला, सहाची झाली ना ही?
या वर्षी हेल्मेट देणार आहेत, चांगल्यातलं.
पैसे आगाऊ.
मी चहा दिला.
खोटं कशाला बोलू, पैसे मोजलेही.
तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या त्यात,
चौथ्याच्या अर्ध्या.

तेवढ्यात तुवशिनचा अंगठा.
मी उठेपर्यंत सारनाइ पोचली होती.
उशी सरकवली, कुशीवर वळवलं,
खुंटीवरचं घड्याळ तिने कधी काढलं
मला कळलंही नाही. कुणी शिकवलं नव्हतं तिला.
बाटसुख उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला,
दाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला
आणि बाहेर गेला. चहा तसाच.

"किती?"
मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली,
"चार मिनिटं, दोन सेकंद."
छान वाचून दाखवल्यासारखं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
"चार?"

घड्याळ अजून तिच्या मुठीत.
बाहेर बाटसुखची मोटारसायकल
किक मारूनही चालू होत नाहीये.
मी स्टुलावरचे पैसे उचलतो.