पंचाहत्तर टक्के

रुवीतल्या चर्चला बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही.
भिंत आहे, पांढरी,
आणि आत, शुक्रवारी, अकरा भाषा.
मल्याळम पहाटे पाचला. मग कोंकणी, टागालोग, तमिळ,
मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, दुपारी अडीचला,
डांबराला चपला चिकटतात तेव्हा.

वेळापत्रक फादर इनास रुमाव यांचं.
लाल-निळी पेन्सिल, फूटपट्टी,
दोन मिस्सांच्या मध्ये गाड्या निघायला अकरा मिनिटं.
दहा का नाहीत, असं एका तमिळ बाईनं विचारलं,
तर म्हणाले, मोजलीत.

हाच माणूस वसईकडे आमचा प्राचार्य होता.
पांढरा झगा, खिशात किल्ल्यांचा जुडगा,
जिन्यावर आधी जुडगा ऐकू यायचा, मग फादर.
तीन पावसाळे प्रयोगशाळेचं छप्पर गळत होतं,
ते त्यांनी ग्रँट आणून पत्र्यापासून स्लॅबपर्यंत नेलं.
कँटीनच्या वड्याचं वजन करायचे.
बोनाफाईडवर सही करताना पोराचं नाव मोठ्यानं वाचायचे,
आणि आडनाव चुकलेलं असेल तर कारकुनाला उभं करायचे.

मी बस्त्याव मच्याडो, बी.कॉम. दुसरं वर्ष, रोल नंबर एकशे सहा.
हजेरी एकाहत्तर टक्के.
बापाच्या पाठीचं ऑपरेशन, वाडीत केळी तयार,
पहाटे टेम्पो भरायचा, परतेपर्यंत दुसरा तास संपलेला.
हे सगळं मी अर्जात लिहिलं होतं.
नोटीसबोर्डावर माझं नाव आलं.
खाली सही, गोल, सुवाच्य.

आता मी मिस्फाच्या साइटवर टाइमकीपर आहे.
चारशे माणसांची हजेरी मी घेतो.
उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापतो.
हसू नका.

पहिल्यांदा इथे पापनिवेदनाला गेलो
तेव्हा जाळीपलीकडून आवाज ओळखला आणि गप्प बसलो.
एअरकंडिशनर थेंब थेंब बादलीत.
मग तिकडूनच आलं, "एकाहत्तर."
आणि बऱ्याच वेळानं,
"पाच टक्के माफ करायचा अधिकार मला होता."
पुढे काही नाही.
मी माझी पापं सांगितली, किरकोळ होती,
त्यांनी तीन नमो मारिया दिल्या. सगळ्यांना तीनच देतात.

मे महिन्यात आमचा येडला पोशन्ना मचाणावरून पडला.
आमचा म्हणजे कुणाचाच नाही.
बताका संपलेला, मूळ मालकाकडून पळालेला,
निजामाबादकडचं कुठलंसं गाव, फोन लागत नव्हता.
कंपनी म्हणाली आमच्या यादीत नाही.
यादी मीच करत होतो. पगार रोखीत व्हायचा.

रात्री साडेदहाला मी फादरांकडे गेलो.
त्यांनी विचारलं नाही, ख्रिस्ती होता का.
कपाटातून नवी फाइल काढली, पाठीवर नाव लिहिलं,
आडनाव आधी, की नाव आधी, हे मला दोनदा विचारलं.
मग सोळा दिवस:
पोलीस ठाणं, शवागार, वकिलात, पुन्हा पोलीस ठाणं,
प्रत्येक कागद तीन प्रतींत,
प्रत्येक शिक्का सुकेपर्यंत फुंकर.
काउंटरवरचा पोरगा जेवायला उठला
तर हे खुर्चीत बसून राहायचे, मांडीवर फाइल,
वर्गाबाहेर ठेवलेल्या विद्यार्थ्यासारखे.

कार्गोच्या फॉर्मवर एक रकाना होता,
मयताशी नातं.
मी म्हटलं, राहू दे रिकामा.
"रकाना रिकामा सोडला की फाइल परत येते,"
म्हणाले, आणि लिहिलं,
प्राचार्य.

खिडकीतल्या माणसानं वाचलं, आमच्याकडे पाहिलं,
माझ्या पिवळ्या हेल्मेटकडे, त्यांच्या झिजल्या कॉलरकडे,
आणि शिक्का मारला.

परतताना गाडीत फादर बोलले ते पार्किंगबद्दल.
येत्या शुक्रवारी फिलिपिनोंचा सण आहे,
अकरा मिनिटं पुरणार नाहीत.
मग खिशातली पेन्सिल काढून विचारलं,
"बस्त्याव, तुझ्या त्या टेम्पोला
दादरहून परत यायला किती वेळ लागायचा?"