थकबाकीदारांच्या यादीखाली

नेरूळ, सेक्टर सहा. सोसायटीचं ऑफिस.
रविवारी सात ते नऊ, विजेचे शंभर रुपये,
खुर्च्या होत्या तशा लावून जाणे.
भिंतीवर थकबाकीदारांची यादी,
तिच्याखाली आम्ही चौघं.

पहिलं व्हायोलिन ऑस्कर किणीचं.
तो बोलतो तसंच वाजवतो, आधी वाक्य, मग विचार.
त्याच्या गंधाराखाली मैथिली टिपणीस
आपला षड्ज सरकवते,
कपाखाली बशी सरकवावी तसा.
हरेश मढवी चेलो गुडघ्यांत धरतो;
सारसोळेच्या जेट्टीवर त्याचा बाप होडी धरायचा म्हणे
अशीच, जोर न लावता.
आणि मी व्हायोला.
म्हणजे व्हायोलिनच ना, सेक्रेटरीणबाई विचारतात.
नाही हो. जरा मोठं. जरा खालचं.
पंगतीत आमटी वाढत फिरणारी धाकटी जाऊ असते ना,
तसं.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी
कुणा सरदाराच्या पदरी असलेल्या माणसानं
हे चौघांचं बोलणं लिहून ठेवलं.
चिडणं त्यात आहे, पण दार आपटणं नाही.
थट्टा आहे, आणि ती करताना चेहरा सरळ आहे.
माझ्या पानावर सोळा मात्रा एकच सूर,
टुक टुक टुक टुक.
याचा काय रियाज करायचा, असं मला वाटायचं.

मग तीन रविवार मैथिली आली नाही.
वडील वाशीच्या हॉस्पिटलात, आणि पुढे
फोन करायची सोय राहिली नाही.
आम्ही तिघांनी वाजवून पाहिलं.
ऑस्कर सुरेखच वाजवत होता,
पण गोष्ट सांगावी आणि समोरून हूं येऊ नये
तसा प्रत्येक ओळीच्या शेवटी अडखळत होता.
मी माझा सूर सोडून तिची ओळ घेतली.
हरेशनं मान वर केली.
आता तू कुठे गेलीस, म्हणाला.

चौथी खुर्ची आम्ही रोज जागेवर लावायचो.
नियमच आहे तसा.

चौथ्या रविवारी ती आली. तेरावं होऊन दोन दिवस झालेले.
पेटी उघडली, गजाला राळ लावली,
पांढरी पूड शेअर सर्टिफिकेटांच्या लाल फायलीवर पडली.
कुठलं घ्यायचं?
शेवटचं, ऑस्कर म्हणाला. पळतं.

या शेवटच्या भागात त्या माणसानं खोडी करून ठेवलीय.
संपल्यासारखं होतं आणि संपत नाही.
दारातला वॉचमन बलीराम दर वेळी फसतो,
टाळ्या वाजवतो, मग ओशाळून हसतो.
पहिला थांबा नीट गेला.
दुसरा थांबा. कागदावर दोन मात्रा.
तिथून तिनं उचलायचं होतं.
तिचा गज तारेवर होता आणि हलत नव्हता.

दोनाच्या चार झाल्या. मग मोजणं सुटलं.
कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.
मी थकबाकीदारांची नावं वाचली, बी-विंगपर्यंत.
पाम बीच रोडवरून एक गाडी लांबत लांबत गेली.
हरेशचा अंगठा लाकडावर,
ऑस्करचा श्वास अर्धा घेतलेला,
आणि या वेळी बलीरामही फसला नाही.
टाळीसाठी उचललेले हात
वीतभर अंतरावर धरून
तो तसाच उभा राहिला.

मग तिचा षड्ज.
बारीक, किंचित उतरलेला.

मी माझ्या सोळा मात्रा सुरू केल्या.